मगदुमांच्या फियाटचं डावं दार

दारावरचा रंग खरवडत होतो, आणि पत्र्याचा आवाज बदलला.

माझे कान असल्या बाबतीत तयार आहेत. मी पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. फळी आतून पोकळ आहे की भरीव, हे मला बोटाच्या टकटकीवर कळतं. त्या रविवारी सकाळी फियाटच्या मागच्या डाव्या दारावर बोट वाजवलं, तर वर एक आवाज आणि खाली दुसराच. मग सँडपेपर घेऊन घासत सुटलो. पांढऱ्या रंगाखाली निळा, निळ्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली वेल्डिंगची रेघ. रेघ आडवी गेली, वळली, खाली आली, पुन्हा वळली. दाराच्या खालच्या अंगाला हातभर लांब आणि वीतभर उंच असा एक चौकोन निघाला. कुणीतरी दार तेवढं कापलं होतं, आणि नंतर कुणीतरी त्यात नवा पत्रा बसवून ते बुजवून टाकलं होतं.

"वैजू, जरा ये बघायला!"

"आबांची चादर बदलतेय," आतून बायकोचा आवाज आला. "तुम्हीच या हात लावायला."

"आलोच," म्हणालो, आणि दाराचं आतलं कव्हर काढायला घेतलं.

आत तर आणखीच गंमत. काच खालीवर करायची सगळी यंत्रणा काढून टाकलेली, वरची काच कायमची ठोकून बसवलेली. दार नुसती पोकळ पेटी. आणि त्या चौकोनाचं वेल्डिंग तीन बाजूंनी ग्राइंडर मारून पातळ केलेलं होतं. हे काम जुनं नव्हतं, धातूची चमक अजून गेली नव्हती. चौथ्या बाजूला मात्र हात लागलेला नव्हता.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गाडी त्रेसष्टची, मी छत्तिशीचा. कोल्हापुरात फुलेवाडीला आमचं घर, पुढं अंगण. दसऱ्याच्या आधी मी ती मिरजेहून ट्रकवर घालून आणली होती. बशीर मिस्त्री म्हणून तिथले नावाजलेले कारागीर होते. त्यांनी ती दुरुस्तीला घेतली आणि काम अर्ध्यात असताना उन्हाळ्यात ते वारले. इंजिन त्यांनी घड्याळासारखं करून ठेवलं होतं. बाकी सगळा सांगाडा. पुढची डावी सीट नव्हती, तिच्या जागी तळाला लोखंडाचे चार कान, बोल्टाची भोकं पाडलेल्या पट्ट्या, वेल्ड केलेले. डिकीत गोणपाटात गुंडाळलेली एक काच होती, ती गाडीच्या कुठल्याच खिडकीला बसत नव्हती.

"गिऱ्हाईक कोण होतं?" गाडी घेताना मी त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना विचारलं होतं.

"गिऱ्हाईक कुठलं? इचलकरंजीच्या भंगारवाल्याकडं दिसली आणि उचलून आणली. मी म्हटलं, आता या वयात कशाला हा पसारा? तर म्हणाले, माझं जुनं काम आहे. एवढंच. जास्त बोलायची सवय नव्हती त्यांना." मग दारात उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "भाऊ, भंगारात तेवढी देऊ नका."

मी कशाला भंगारात देतोय? मला ती अस्सल करायची होती. कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली असेल, तशी. जानेवारीत पुण्याला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, त्यात उतरवायची होती. तिथं नियम कडक. मूळ रूपात फेरफार असला तर गाडी बाद. तो चौकोन दिसल्यावर मी चार दिवसांत हुबळीच्या जुन्या बाजारातून अख्खं डावं दार आणलं आणि अंगणाच्या भिंतीला टांगून ठेवलं. जुनं काढायचं, नवं लावायचं, विषय संपला.

पण विषय संपला नाही. मेळाव्याच्या अर्जात आधीच्या मालकांची माहिती भरायची होती, ते एक निमित्त. खरं कारण हे, की घरात माझा पाय ठरत नव्हता. कारखान्यातून आलो की अंगणात, अंगणातून उठलो की बाहेर. चहासुद्धा उभ्यानं पीत होतो.

आतल्या खोलीत आबा होते. माझे वडील. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली निम्मी कोल्हापूर-गगनबावडा. रिटायर झाले आणि दोन वर्षांत अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. फक्त 'आयला' एवढा एक शब्द शिल्लक राहिला. भूक लागली तरी आयला, डास चावला तरी आयला. तीन वर्षं झाली होती. सगळं वैजयंता करायची. उचलायला लागलं तर मी हात लावायचो, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं न बघता उशीकडं बघायचो. डोळे तसेच होते त्यांचे, पहिल्यासारखे, लख्ख. तेच मला सोसत नव्हतं.

गाडीच्या आरसी पुस्तकावर पहिल्या मालकाचं नाव होतं, बाळगोंडा आदगोंडा मगदूम, निपाणी.

पुढच्या गुरुवारी सुट्टी टाकून निपाणीला गेलो. मगदुमांची तंबाखूची वखार आता दुसऱ्याच्या ताब्यात होती. पण ओसरीवर एक म्हातारे दिवाणजी बसून होते, शंकराप्पा नावाचे. मालक बदलले तरी त्यांना कुणी उठवलं नव्हतं. गाडीचं नाव काढताच त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं.

"मगदूमसाहेबांची फियाट? तिचं दार पोकळ होतं की ओ."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्या निपाणीला माहीत होतं. पंधरा दिवसाला एकदा गाडी निघायची. दिवस उगवायच्या आत. पडदे ओढून. साहेब स्वतः चालवणार, ड्रायव्हर न्हाई. गाडीत दुसऱ्या माणसाला घेणार न्हाईत, मग तो सख्खा भाऊ असू दे. आता तुम्हीच सांगा."

"काय सांगू?"

"गोव्याची दारू," म्हातारा कुजबुजला. "त्या वेळी महाराष्ट्रात बंदी होती. दारात बाटल्या भरायच्या आणि तिकडं पोचवायच्या. देवळात पहिली आरती साहेबांची, आणि धंदा हा."

"तुम्ही बाटली बघितली कधी?"

"बघायला कशाला पायजे? दार पोकळ होतं न्हवं?" मग म्हणाले, "मुलगी हाय त्यांची इचलकरंजीत. राजमती. मागाचा कारखाना हाय छोटा. लग्न केलं न्हाई तिनं. बापाच्या असल्या उद्योगानं कोण करणार?"

परत येताना एसटीत मला बसवत नव्हतं. दारूची चोरटी गाडी! मेळाव्यात अस्सल गाड्या पन्नास येतील, पण अशी गोष्ट असलेली एकच. दार आता बदलायचं की ठेवायचं? पत्रा उघडून आत एखादी खूण सापडली तर? घरी पोचलो आणि चपला न काढता वैजयंताला सगळं सांगायला लागलो.

ती आबांना पेज भरवत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "गाडीचे वाडवडील शोधायला निपाणीपर्यंत जाताय. बरं आहे. उद्या आबांना आंघोळ घालायचीय, माझी कंबर धरलीय. तेवढी सुट्टी मिळेल का?"

"उद्या इचलकरंजीला जायचंय," मी म्हणालो.

तिनं पुन्हा वाटी उचलली. आबा म्हणाले, "आयला." मी खोलीबाहेर पडलो.

इचलकरंजीत राजमती मगदूम कुणाला ठाऊक नव्हत्या. राजक्का म्हटल्यावर मात्र पानवाल्यानंसुद्धा बोट दाखवलं. एका लांबट शेडमध्ये चार माग धडधडत होते, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी एक पन्नाशीला आलेली बाई कापडाचा तागा उलगडून दोष तपासत होती. उभ्या राहिल्या तेव्हा दिसलं, डावा पाय आखूड होता. त्या पायात जाड तळाचा बूट, हातात काठी.

"काय काम होतं?"

मागांच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं. "तुमच्या वडिलांची फियाट माझ्याकडं आहे!"

त्यांनी तागा खाली ठेवला. मला शेडच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं आवाज जरा कमी होता, पण फरशी थरथरत होती. मी आडवळणानं सुरुवात केली. गाडी किती देखणी आहे वगैरे. शेवटी एकदाचं विचारलं, की त्या मागच्या डाव्या दारात तुमचे वडील काय न्यायचे.

"निपाणीला जाऊन आलात वाटतं. शंकराप्पा भेटला?"

"हो."

"दारू सांगितली असेल." राजक्का हसल्या. "त्या दाराआड मी होते."

मला काही कळलं नाही.

"चौदा वर्षांची होते. मणक्याचा आणि खुब्याचा क्षय झाला. छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, चौदा महिने. उताणं झोपायचं, दुसरं काही नाही. पंधरा दिवसांनी एकदा मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला न्यावं लागे. अप्पांनी त्यासाठी गाडी घेतली. पुढची सीट काढली, कान वेल्ड करून घेतले, त्यावर फळी. पाय पुढं, डोकं मागं, अशी मी त्यावर. पहिल्या खेपेला मला काय दिसलं? गाडीचं छत. निपाणी ते मिरज छत, मिरज ते निपाणी छत. घरी आल्यावर मी अप्पांना म्हटलं, मला पुन्हा नेऊ नका, इथंच मेले तरी चालेल."

त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"आठ दिवसांनी मिरजेचा एक मिस्त्री घरी आला. तरणाच होता, नुकतंच दुकान टाकलेलं."

"बशीर?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" त्या थबकल्या. मी हातानंच म्हटलं, सांगतो, तुम्ही बोला.

"तो माझ्या खाटेशी येऊन बसला. म्हणाला, ताई, मान वळवा. किती वळते? डोळा कुठवर येतो? भिंतीवर खडूनं खूण केली. मग गाडीतल्या फळीवर स्वतः आडवा झाला, अर्धा तास. आईनं मला हे सांगितलं. कशाला पडून राहिलास, असं अप्पांनी विचारलं, तर म्हणाला, खिडकी कापल्यावर बहिणीला काय दिसेल ते आधी मला बघू दे. पुढच्या खेपेला मला कागलचा बाजार दिसला. बैलांचे पाय दिसले, सायकलींची चाकं, बायकांच्या साड्यांचे काठ. पंचगंगेचं पाणी दिसलं. माणसांची तोंडं नाही दिसायची, खिडकी खाली होती ना. पण मला तेवढं पुष्कळ होतं."

"किती माया म्हणायची," मी म्हणालो. दारूची गोष्ट हातची गेली होती, पण ही त्याहून चांगली होती. मेळाव्यात सांगायला.

राजक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझ्या मनातलं त्यांना वाचता आलं असावं.

"सगळं ऐका, मग ठरवा. अप्पांनी गावात सांगितलं होतं, राजू मामाकडं बेळगावला शिकायला आहे. चौदा महिने मी मागच्या खोलीत होते आणि शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. क्षयाची पोरगी म्हटल्यावर पुढं कोण करून घेणार? म्हणून दिवस उगवायच्या आत निघायचं, म्हणून पडदे. आणि खिडकी इतकी खाली का? माझा डोळा तिथं येत होता म्हणून, हे खरंच. पण रस्त्यावर उभ्या माणसाला आतलं दिसू नये, म्हणूनसुद्धा. अप्पांनी मिस्त्रीला तसं बजावून सांगितलं होतं. निपाणीत त्यावर पत्र्याचं झाकण असायचं, गाव मागं पडल्यावर अप्पा ते काढायचे."

"मग बुजवली कुणी?"

"मी एकोणीस वर्षांची झाले, स्थळ आलं. पाहुणे यायच्या आधीच्या आठवड्यात अप्पांनी कुठल्याशा गॅरेजात नेऊन त्यावर पत्रा मारला, गाडी निळी केली. मला चालायला यायला लागलं होतं. लंगडते ते लहानपणी पडले म्हणून, असं सांगायचं ठरलं. मी त्या मुलाला खरं काय ते सांगून टाकलं. पाहुणे चहा तसाच ठेवून गेले. अप्पा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पुढं गाडी विकली."

फरशी थरथरत होती. मला विचारल्याशिवाय राहवेना. "मग ती माया होती की लाज?"

"तुम्हाला दोनातलं एक पाहिजे का?" त्या म्हणाल्या. "मलाही पाहिजे होतं. वीस वर्षं. ज्या माणसाला माझी लाज वाटत होती, तोच माणूस चौदा महिने, दर पंधरवड्याला, ऐंशी किलोमीटर जाताना आणि ऐंशी येताना, खड्डा आला की गाडी बैलगाडीपेक्षा हळू चालवत होता. मागं वळून विचारत होता, राजू, आता काय दिसतंय? दोन्ही एकाच माणसात होतं. आता मी त्याचे वाटे करत नाही."

मग मी बशीर मिस्त्रींचं सांगितलं. भंगारात गाडी ओळखून त्यांनी उचलली. माझं जुनं काम आहे म्हणाले. इंजिन केलं. आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली, कारण माझं मलाच त्या क्षणी कळलं. इतके दिवस मी धरून चाललो होतो, की मिस्त्री गाडी मूळ रूपात आणत होते. दार नीट करायला त्यांनी वेल्डिंग घासलं होतं. पण दार नीट करायला कुणी आतून, तीन बाजूंनी, इतक्या निगुतीनं वेल्डिंग पातळ करत नाही. ते खिडकी उघडत होते. डिकीतली ती काच त्यांनी कापून आणलेली होती.

"हातभर लांब, वीतभर उंच," मी म्हणालो. "काच तयार आहे. चौथी बाजू राहिली होती."

"राहिली होती म्हणजे?"

"मिस्त्री वारले. मे महिन्यात."

राजक्का उठल्या. काठी न घेताच, भिंतीला धरत शेडमध्ये गेल्या. मला वाटलं डोळे पुसायला गेल्या असतील. पण एकेक करत चारही माग थांबले. दुपारी दोन वाजता, ऐन कामाच्या वेळेला. कामगार हात तसेच ठेवून बघत राहिले.

"चला," त्या दारातून म्हणाल्या. "गाडी दाखवा."

आम्ही कोल्हापूरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. अंगणात शिरल्यावर त्या सरळ दारापाशी गेल्या. मी घासून काढलेल्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, चारही बाजूंनी. भिंतीला टांगलेल्या दाराकडं बघून विचारलं, "हे?"

"अस्सल दार आहे. हुबळीहून आणलंय. पुण्याला मेळावा आहे..."

"हं," म्हणाल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. "तुमची गाडी आहे. जरा पाणी मिळेल?"

वैजयंतानं पाणी आणलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "आयला!"

"आमचे सासरे," वैजयंता म्हणाली. "तीन वर्षं अंथरुणावर आहेत."

राजक्कांनी भांडं खाली ठेवलं आणि कुणाची परवानगी न घेता आतल्या खोलीत गेल्या. आम्ही दोघं मागं. आबा नवीन माणूस बघून डोळे मोठे करून बघत होते. राजक्कांनी त्यांना नमस्कार केला. मग काठी भिंतीला टेकवली, खाटेची कड धरून त्या गुडघ्यावर खाली गेल्या. आखूड पायामुळं त्यांना फार कष्ट पडले. आणि त्यांनी आपलं डोकं आबांच्या उशीच्या कडेला टेकवलं, त्यांच्या डोक्याशेजारी.

आबा म्हणाले, "आयला." अगदी हळू.

"यांना इथून काय दिसतं?" राजक्कांनी तसंच पडून विचारलं.

मी म्हणालो, "आता... कपाट, ट्यूबलाइट..."

"उभ्यानं नाही. या इथं. बघून सांगा."

मला जायचं नव्हतं. वैजयंता माझ्याकडं बघत होती. राजक्का बाजूला झाल्या आणि मी खाली बसलो, आबांच्या उशीवर डोकं टेकवलं. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. समोर लोखंडी कपाटाची गंजलेली बाजू होती. वर छत. आणि कपाट नि दाराची चौकट यांच्यामध्ये एक उभी फट होती, चार बोटांची. त्या फटीतून अंगण दिसत होतं. अख्खं नाही. फियाटचं डावं दार, आणि त्याच्यापुढचं लाकडी स्टूल, ज्यावर मी बसून काम करायचो. घराकडं पाठ करून.

म्हणजे दसऱ्यापासून आबांना रोज माझी पाठ दिसत होती.

मला उठता येईना. वैजयंतानं खांद्याला हात लावला तेव्हा उठलो.

राजक्का जाताना मला काही शिकवून गेल्या नाहीत. रिक्षात बसताना इतकंच म्हणाल्या, "फळी सागाची करा. आमची आंब्याची होती, बाक आला होता तिला. पाठीला फार लागायची."

चौथी बाजू मी कापली. पुण्याचा अर्ज फाडला वगैरे नाही, तो टेबलावर तसाच पडून राहिला आणि तारीख निघून गेली. मिस्त्रींची काच रबराच्या पट्टीत घालून बसवली, केसाचाही फरक नव्हता. फळी सागाची केली. तिला कडेनं उंची दिली, मानेसाठी खोबण ठेवली. पण त्याआधी आबांच्या डोळ्याची उंची मोजायला मला चार वेळा त्यांच्याजवळ बसावं लागलं. मी टेप धरायचो, ते बघायचे. मी अजून टेपकडंच बघत होतो.

डिसेंबरातल्या रविवारी त्यांना नेलं. राजक्कांना निरोप दिला होता, त्या सकाळच्या गाडीनं आल्या. शेजारच्या दोघांनी आणि मी आबांना चादरीसकट उचलून फळीवर ठेवलं. पाय पुढं, डोकं मागं. मागं उजवीकडच्या अर्ध्या सीटवर वैजयंता आणि राजक्का दाटीवाटीनं बसल्या. मी स्टिअरिंगवर. गाडीला अजून रंग नव्हता, लाल प्राइमरचे चट्टे होते सगळीकडं.

त्यानंतर आबा अकरा महिने होते. त्या अकरा महिन्यांत पाऊस सोडला तर बहुतेक रविवारी आम्ही निघायचो. गगनबावड्यापर्यंतसुद्धा जाऊन आलो दोनदा. जुबेदाभाभींना एकदा मिरजेहून आणलं होतं. त्या खिडकीपाशी खूप वेळ उभ्या राहिल्या आणि काचेवरची धूळ पदरानं पुसून गेल्या. पण सांगायचंय ते त्या पहिल्या दिवसाचं.

गगनबावड्याचाच रस्ता धरला. बालिंग्याच्या पुलापर्यंत मागून काही आवाज नव्हता. पूल लागला आणि आबा रडायला लागले. साधं नाही, मोठ्यानं, गळा काढून. माणूस असा रडताना मी कधी ऐकला नव्हता. माझा पाय ब्रेकवर गेला.

"काय झालं? दुखतंय का? परत वळवू का?"

"थांबवू नका," राजक्का म्हणाल्या. "रडू दे त्यांना. मी पहिल्या दिवशी कागलपासून जयसिंगपूरपर्यंत रडत होते. अप्पांनी थांबवली नाही गाडी."

"अहो, चला तुम्ही," वैजयंता म्हणाली. आरशात बघितलं तर तिनं आबांचा डावा हात दोन्ही हातांत धरला होता.

मी चालवत राहिलो. खड्डा आला की हळू. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या, कुठंतरी गुऱ्हाळाचा धूर चढत होता आणि हवेत काकवीचा वास होता. कळे गावाच्या अलीकडं रस्ता ओढ्याला लागून जातो. तिथवर मागचं रडणं कमी होत होत थांबलं. नुसता श्वास ऐकू यायला लागला. मी गाडी कडेला घेतली.

उतरलो आणि वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. फळीचे बोल्ट ढिले झालेत का बघावं, असं मनाशी म्हणत गेलो. उभ्यानं काही दिसत नव्हतं. खिडकी माझ्या मांडीच्या उंचीला होती, आणि काचेत आभाळ. मग उकिडवा बसलो.

काचेच्या पलीकडं, हातभर अंतरावर, आबांचं तोंड होतं. ओलं, सुजलेलं. मला वाटलं होतं ते ओढा बघत असतील, ऊस बघत असतील. ते माझ्याकडं बघत होते. मी नजर उशीकडं वळवायला गेलो, पण त्या चौकोनात उशी दिसतच नव्हती. तोंड तेवढं दिसत होतं, आणि ते डोळे. मी बघत राहिलो. तेही बघत राहिले. दोघांपैकी कुणी मान वळवली नाही.

"अहो, ऊन चढतंय," आतून वैजयंता म्हणाली. "निघायचं ना?"

"थांब जरा," मी म्हणालो. "बसू दे इथंच."